सातवे पाते

फार जुन्या काळी, एका राज्यात, दिवस आणि रात्र अगदी सारखी असतात त्या दिवशी, सूर्य उगवून दोन घटका झाल्या असताना, नव्या न्यायसभेच्या उत्तर भिंतीवरची एक कापडी पट्टी सुटली आणि राजाच्या खांद्यावर पडली. पट्टी चार हात लांब होती. सभेत दोनशे माणसे होती. ती भिंत आदल्या दुपारी तपासून झाली होती आणि दरबारच्या तपासनिसाने तिच्यावर पसंतीची मोहोर उमटवली होती.

घडले ते एवढेच. का घडले, ते मात्र त्या राज्यात धडपणे कुणी सांगत नाही. मुलांना सांगतात, भिंत रुसली. मोठ्यांना सांगतात, चुना वाईट निघाला. भिंती रुसत नसतात आणि चुना उत्तम होता. म्हणून ही गोष्ट पहिल्यापासून सांगितली पाहिजे.

त्या वर्षी जुनी न्यायसभा आगीत गेली. राजाने सांगितले, नवी सभा महिन्याभरात उभी राहिली पाहिजे. ज्या दिवशी उजेड आणि अंधार समान होतात, त्याच दिवशी न्यायाचे दार उघडायचे, अशी तिथली रीत होती आणि तो दिवस महिन्यावर आला होता. दगडी भिंत बांधून ओला गिलावा केला असता, तर तो तीन महिने वाळला नसता. मग असे ठरले की वेताच्या जाळीवर चुना आणि माती थापून मोठे तक्ते करायचे, ते उन्हात खडखडीत वाळवायचे आणि लाकडी चौकटीवर ठोकायचे. भिंत कोरडीच उभी राहणार होती.

पण दोन तक्ते शेजारी ठोकले की मध्ये सांधा राहतो. सांध्यावर पातळ कापडाची पट्टी बसवायची आणि चुन्याच्या लुकणाने, म्हणजे चिकट लगद्याने, ती अशी झाकून टाकायची, की सगळी भिंत एकसंध दिसावी. हे काम कुणी करायचे?

राजधानीतल्या गवंड्यांचा म्होरक्या होता सटवोजी. तीस वर्षे त्याने दगडी भिंती गुळगुळीत केल्या होत्या. त्याच्या थापीच्या मुठीला चांदीचे कडे होते. आधीच्या राजाने ते स्वतःच्या हाताने बसवले होते. सटवोजीला खोटा कारागीर म्हणणाऱ्याने त्याचे काम पाहिलेले नाही. ओल्या गिलाव्यात त्याच्या तोडीचा माणूस त्या मुलखात नव्हता. पण कोरड्या भिंतीचा सांधा त्याने आयुष्यात भरला नव्हता, आणि हे त्याने कुणाला सांगितले नाही.

ते काम येणारी माणसे कोटाबाहेर राहत होती. नदीकाठचे एक गाव पुरात वाहून गेले होते आणि तिथली तीस घरे कोटाच्या भिंतीला टेकून, चटयांच्या आडोशाला दिवस काढत होती. त्यांच्या गावात घरे तक्त्यांचीच असत. सांधे भरणारी त्यांच्यातली सगळ्यात तरबेज बाई म्हणजे चिमाई. वय पन्नाशीचे, बोलणे कमी, बोटे चुन्याने भेगाळलेली.

राजाने उत्तर भिंत सटवोजीला दिली आणि दक्षिण भिंत चिमाईला. तिला तो म्हणाला, "बाई, तुझी भिंत पसंत पडली तर तुझ्या तीस घरांना कोटाच्या आत जागा देईन."

"आणि नाही पडली तर?"

"तर नदी ओसरली आहे. परत जा."

नदी ओसरली होती, पण गावाची जमीनही घेऊन गेली होती. चिमाईने मान हलवली आणि कामाला लागली.

तिच्या कमरेच्या कापडात सात पाती ओळीने खोवलेली होती. पहिले दोन बोटे रुंद, जुन्या विळ्याचे. मग चार बोटांचे, मग वितीचे, असे वाढत जाणारे. एक काटकोनात वाकवलेले, कोपऱ्यासाठी. सातवे हातभर रुंद. ते तिने मोठ्या करवतीच्या पत्र्याचे केले होते. दात घासून धार सरळ केली होती. फक्त एका टोकाला तीन दात ठेवले होते, गुळगुळीत जागा खरवडून घ्यायला.

ती पहाटे उठून कोटाचे दार उघडण्याची वाट पाही आणि पहिल्या उजेडात कामाला सुरुवात करी, कारण उन्हात लुकण लवकर आवळते. आधी सांध्यात लुकण, त्यावर पट्टी, आणि मग ते दोन बोटांचे पाते. ते ती असे दाबून ओढी की पट्टीखालचा वारा आणि जास्तीचे लुकण दोन्ही बाजूंनी बाहेर येई. ते वाळले की वितीच्या पात्याने लुकणाचा दुसरा हात, थोडा रुंद. तो वाळला की हातभर पात्याने तिसरा हात, आणखी रुंद आणि कागदासारखा पातळ. सांध्याचा उंचवटा असा दोन्ही अंगांना पसरत पसरत नाहीसा होई.

सटवोजी स्नान, पूजा, न्याहारी उरकून दिवस चांगला वर आल्यावर येई. कोटातल्या गावातली माणसे पाहायला येत ती त्याहून उशिरा, दुपारी. लहान पात्यांचे काम तोवर उरकलेले असे, आणि दारापाशी चिमाईचे चार सांधे शेवटच्या हाताला आले होते. त्यामुळे सटवोजीने पाहिले आणि गावाने पाहिले ते एकच: एक बाई हातभर रुंद पाते एका दमात वरून खाली आणते आणि सांधा दिसेनासा होतो.

लोकांच्या तोंडून "अरे वा" निघाले.

ते "अरे वा" सटवोजीच्या कानात शिरले आणि बाहेर पडेना. तीस वर्षे तो शब्द त्याच्या पाठीशी उभा राहत आला होता. आज तो समोरच्या भिंतीपाशी होता. समोरचे दिसू नये म्हणून त्याने पाठ फिरवली आणि मग पाठीने मोजू लागला, तिकडे किती पावले थांबली, इकडे किती. तिकडे एकोणीस माणसे. इकडे चार. त्या चारांतला एक त्याचा साडू होता आणि एक वाट चुकून आला होता.

त्याची भिंत काही ऐकत नव्हती. थापी ओल्या गिलाव्यासाठी जड आणि ताठ केलेली असते. सांध्यावरून ती फिरली की दोन्ही कडांना रेघ उठे. रेघ बुजवायला तो आणखी लुकण घाली, की तिथे फुगवटा येई. फुगवटा तासायला जावे, की पट्टी फाटे.

तिसऱ्या दिवशी चिमाई आपली परांची सोडून त्याच्याकडे आली. तिच्या हातात ते दोन बोटांचे पाते होते.

"गवंडीदादा, राग मानू नका. पहिल्या हाताला हे घ्या. पट्टी दाबून बसली की पुढचं सोपं आहे."

सटवोजीने त्या विळ्याच्या तुकड्याकडे पाहिले. "माझ्या हातात खुरपं देतेस, बाई? मी इथं गवत काढायला आलोय?"

त्याची माणसे हसली. एक जण म्हणाला, "मुकादम, घ्या हो. कान कोरायला होईल."

चिमाईही थोडी हसली. "कान कोरा, पण आधी सांधा भरा. थापी तुमची लाखात एक आहे. या भिंतीला ती चालत नाही, एवढंच."

"थापी चालत नाही, की तुला माझी थापी बघवत नाही?"

चिमाई परत गेली. पाते तिने लगेच खोवले नाही. थोडा वेळ हातातच धरून ठेवले, त्याने हाक मारली तर असावे म्हणून. त्याने हाक मारली नाही.

त्या दिवशी घरी जेवताना सटवोजीच्या बायकोने विषय काढला. "अहो, त्या नदीकडच्या बाईच्या भिंतीवरून हात फिरवला तर सांधा सापडत नाही म्हणे."

"तू गेली होतीस?"

"सगळा गाव गेला होता. मी काय घरी बसू?"

"माझी भिंत पाहिलीस?"

बायकोने त्याच्या ताटात भाकरी टाकली. "पाहिली की. सांधे मोजून आले. चौदा आहेत ना?"

सटवोजी अर्ध्या जेवणावरून उठला.

मत्सर झालेला माणूस आळशी नसतो, हे लक्षात ठेवा. तो दिवसभर राबतो, फक्त दुसऱ्याच्या कामावर. सटवोजीच्या डोळ्यांपुढून ते हातभर पाते हलेना. ते तिच्या हातात कसे वाकते, उजेडात कसे चमकते, लोकांच्या माना त्याच्याबरोबर वरून खाली कशा येतात. त्याला वाटू लागले की कला तिच्यात नाही, त्या पात्यात आहे. आणि ते माझ्या हातात असायला हवे होते. तीस वर्षे मी घासली. ही काल पुरातून आली.

आता तिथला एक नियम सांगायला हवा. फार पूर्वी त्या राज्यात एका राजावर गवंड्याच्याच हत्याराने वार झाला होता. तेव्हापासून राजाच्या कामावरची सगळी हत्यारे संध्याकाळी एका कोठीत जमा होत आणि सकाळी मोजून परत मिळत. ज्याचे एक जरी हत्यार कमी भरेल, त्याने ते काम संपेपर्यंत परांचीवर चढायचे नाही. हा नियम तेव्हा गवंड्यांचे म्होरके असलेल्या सटवोजीच्या आजोबांनी घालून दिला होता. कोठीला एक कुलूप होते. कुलपाला एक किल्ली होती. ती तपासनिसाकडे असे.

चौथ्या दिवशी संध्याकाळी चिमाईने सात पाती मोजून दिली. तपासनिसाने सात मोजून घेतली. दिवेलागणीच्या सुमारास सटवोजी आणि तपासनीस विहिरीच्या कठड्यापाशी बोलत उभे होते. पाणी भरणाऱ्या तीन बायकांनी त्यांना पाहिले. काय बोलत होते, ते त्यांनी ऐकले नाही.

पाचव्या दिवशी सकाळी पाती सहा भरली.

"सातवं कुठं आहे?" चिमाईने विचारले.

"ते तू सांगायचंस," तपासनीस म्हणाला.

"रावजी, काल तुम्हीच मोजलीत. सात म्हणालात."

"म्हणालो असेन. आज सहा आहेत. नियम आजचा धरतात."

चिमाईने सटवोजीकडे पाहिले. तो आपल्या थापीची मूठ पुसत होता. ती म्हणाली, "दादा, हत्याराशिवाय कारागीर कसा असतो, ते तुम्हाला ठाऊक आहे. माझ्यामागं तीस घरं आहेत. एक शब्द बोला."

सटवोजीचा पुसणारा हात थांबला. मग त्याला ते "अरे वा" आठवले. "नियम माझ्या आजोबांचा आहे, बाई," तो म्हणाला. "मी कसा मोडू?"

चिमाई कोटाबाहेर गेली. तिच्या भिंतीला दोन हात झाले होते. तिसरा हात फक्त दारापाशी चार सांध्यांना झाला होता. बाकीची भिंत मळकट, मंद, खरखरीत दिसत होती. कामाशिवाय कोटात येण्याची तिला परवानगी नव्हती, म्हणून ती रोज कोटाच्या दारात बसे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारी, "लुकण कुठं तडकलं नाही ना?" तीस घरांतल्या बायका तिला जेवण आणून देत. कुणी तिला बोल लावला नाही. तेच तिला जड जाई.

आणि सटवोजीने त्याच दिवशी सगळी जुनी भरणी खरवडून काढली. त्याच्या हातात आता एक नवे हत्यार होते. हातभर रुंद, लवचिक, आणि मुठीला चांदीचे कडे. थापीची मूठ काढून त्याने ती पात्याला बसवली होती. माणसांनी विचारले तेव्हा म्हणाला, "घडवून घेतलं."

त्याने सांध्यात लुकण भरले, वर पट्टी ठेवली आणि हातभर पाते एका दमात वरून खाली आणले. पाते रुंद होते. ते दोन्ही बाजूंच्या तक्त्यांवर टेकले आणि मधल्या पट्टीवरून नुसते तरंगत गेले. पट्टी दाबली गेली नाही. तिच्याखाली वारा राहिला. पण वर लुकणाचा पांढराशुभ्र थर बसला आणि रेघ कुठे दिसली नाही. सटवोजीला रडू यायचे बाकी होते. "बघा," तो माणसांना म्हणाला, "पाहिलंत? एका हातात!"

ज्या कामाला तीन हात लागतात ते एका हातात कसे झाले, हे त्याने स्वतःला विचारले नाही. ज्याला तीस वर्षांचा अनुभव होता, त्याने.

सभा उघडण्याच्या आदल्या दिवशी भरदुपारी तपासनीस आला. त्या वेळी सभेत सपाट उजेड असतो. दार पूर्वेला आणि सूर्य छपरावर. दोन्ही भिंतींकडे त्याने एकेकदा पाहिले. उत्तर भिंत चकाकत होती. दक्षिण भिंत मळकट होती. त्याने भिंतीला हात लावला नाही, बोटाने टकटक केले नाही. उत्तर भिंतीवर मोहोर उमटवली आणि दक्षिण भिंतीपाशी लिहिले, "अपुरे काम."

दुसऱ्या दिवशी सूर्य बरोबर पूर्वेला उगवला. सभेचे रुंद दार उघडले आणि उजेड भिंतींना घासत आडवा आत आला. असा उजेड काही झाकू देत नाही. राजा सिंहासनाकडे निघाला. त्याच्या डाव्या हाताची दक्षिण भिंत मळकी होती, पण पाण्यासारखी सपाट होती. तिच्यात एकही सांधा दिसत नव्हता. उजव्या हाताच्या उत्तर भिंतीवर चौदा फुगवटे उभे राहिले होते, उपाशी जनावराच्या बरगड्यांसारखे.

राजा पाहायला जवळ गेला. त्याने एका फुगवट्यावर बोट टेकवले. आत पोकळ वाजले. आणि ती पट्टी सुटून त्याच्या खांद्यावर पडली.

कुणी हसायचे की नाही, हे कुणाला कळेना. शेवटी दरबारचा विदूषक म्हणाला, "महाराज, भिंतीनं तुमचा सत्कार केला. उपरणं तेवढं चुन्याचं आहे."

सभा हसली. राजा हसला नाही. "दुसऱ्या भिंतीची बाई कुठं आहे?"

चिमाईला दारातून आणले. तिने आधी आपल्या भिंतीवरून तळवा फिरवला, मग राजाला नमस्कार केला.

"तुझं काम अपुरं का?"

"माझं पातं हरवलं, महाराज. करवतीचं होतं. एका टोकाला तीन दात होते."

राजाने सटवोजीचे हत्यार मागितले. सटवोजीने ते दोन्ही हातांनी पुढे केले. राजाने चांदीचे कडे पाहिले. मग टोक उजेडात धरले आणि मोठ्याने मोजले. "एक. दोन. तीन."

सटवोजी खाली बसला. "माझं चुकलं, महाराज," तो म्हणाला. "हिनं मला पातं देऊ केलं होतं. पण ते हे नव्हतं. ते दोन बोटांचं होतं."

"मग ते का नाही घेतलंस?"

"त्याला कुणी 'अरे वा' म्हटलं नव्हतं."

 मग चिमाई म्हणाली, "महाराज, त्याची मूठ काढून मला माझं पातं द्या. उन्हं चढायच्या आत तिसरा हात सुरू करते."

राजाने निकाल दिला. तीस घरांना कोटाच्या आत जागा मिळाली. सटवोजीचे चांदीचे कडे आणि म्होरकेपण गेले. उत्तर भिंत त्याने स्वतः खरवडली, आणि मग दोन बोटांच्या पात्याने, चिमाईच्या देखरेखीखाली, पहिल्यापासून भरली. दोघे फारसे बोलत नसत. एकदा त्याने पट्टी नीट दाबली तेव्हा ती मागून म्हणाली, "अरे वा." तो वळून पाहू शकला नाही.

बोध असा: मत्सराला दुसऱ्याच्या हातातले शेवटचे हत्यार दिसते, पहिले दिसत नाही, आणि भिंत उभी राहते ती पहिल्यावर.

सटवोजीने शिक्षा भोगली. त्याचे नाव आजही त्या राज्यात चोर म्हणून घेतात. निकाल देताना राजाने विचारले होते, "कोठी कुणी उघडली?" सटवोजी मान खाली घालून गप्प राहिला. तेवढ्यात पुरोहित म्हणाला की मुहूर्त टळतो आहे, नगारे वाजू लागले आणि सभा पुढच्या कामाला लागली. तो प्रश्न पुन्हा कुणी विचारला नाही.

कोठीला एकच कुलूप होते. कुलूप फोडलेले नव्हते. किल्ली एकच होती, आणि नगारे वाजत होते तेव्हाही ती तपासनिसाच्या कमरेला लटकत होती.